लेण्यांचा दगड कोण खातो?

(वर्षावासानिमित्त वलगाव येथे झालेल्या भाषणाची संहिता)



भाषणाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकजण आम्हांला म्हणाले, "सर, ज्वारीला कीड लागते, लाकडाला लागते, दगडाला कीड लागते हे काही ऐकले नव्हते." त्यांची शंका रास्त आहे. दगड म्हणजे न बदलणारी वस्तू असे आपण धरून चालतो. एखादी गोष्ट पक्की झाली तर ती काळ्या दगडावरची रेघ, असे म्हणतो. आज आम्हांला नेमके हेच सांगायचे आहे की काळ्या दगडावरची रेघसुद्धा पुसली जाते, आणि पुसणाऱ्यांमध्ये डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, हवा असते, आणि पुष्कळदा आपण स्वतः असतो.

सुरुवात आमच्याच एका चुकीने करतो. आम्ही विज्ञान शिकवणारे दोघे-तिघे शिक्षक. काही वर्षांपूर्वी एका लहानशा विहारात वर्गणीतून आणलेली संगमरवराची बुद्धमूर्ती होती. छताचे पत्रे गळायचे, त्यामुळे मूर्तीच्या हनुवटीखाली आणि चिवराच्या चुण्यांत हिरवट-काळे डाग धरले होते. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती. आम्ही पुढाकार घेतला, फरशी धुण्याच्या आम्लाची बाटली आणली, बादलीत पाणी घालून पातळ केली आणि ब्रशने मूर्ती घासली. पांढरा फेस आला, डाग गेले, मूर्ती लखलखीत झाली. सगळ्यांनी शाबासकी दिली. पुढच्या पावसाळ्यात तीच मूर्ती पूर्वीच्या दुप्पट हिरवी झाली. गालावरून बोट फिरवले तर बारीक वाळूवरून फिरवल्यासारखे लागे.

तो फेस कशाचा होता? मळाचा नव्हे, मूर्तीचाच होता. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडले की दगड विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो. हा प्रयोग आम्ही दरवर्षी वर्गात करून दाखवतो आणि मुलांकडून समीकरण पाठ करून घेतो! मूर्तीची घोटाई होती तोवर पाणी तिच्यावरून घसरून जात होते. आम्ही ती घोटाई खाऊन टाकली, पृष्ठभागाला लक्षावधी बारीक खड्डे पाडले, आणि प्रत्येक खड्ड्यात शेवाळाला राहायला जागा करून दिली. या विषयाचा अभ्यास आम्ही त्या दिवसापासून सुरू केला. कबूल करायला संकोच वाटतो, पण आधी केला असता तर बरे झाले असते.

कोणी म्हणेल, डोंगरच्या डोंगर कोरलेले आहेत, त्यातला केसाएवढा थर गेला तर काय बिघडले? मित्रहो, सगळे बिघडते. लेण्याचा डोंगर हजारो वर्षे उभा राहील, पण शिल्पकाराने आणि लेखकाने जे काही सांगितले ते दगडाच्या वरच्या कातडीवर सांगितले आहे. मूर्तीच्या पापणीची कड, ओठांची रेषा, ब्राह्मी लिपीतले अक्षर, हे सगळे त्या पातळ थरात आहे. थर निघाला की डोंगर शिल्लक राहतो आणि इतिहास जातो.

आणि तो इतिहास कोणाचा? कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. दरवाजाचे काम त्याचे. तिथेच एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव आहे. जुन्नरच्या लेण्यांत वासकार, म्हणजे आजच्या बोलीत बुरूड, यांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या धर्मादाय ठेवीची नोंद आहे, कांस्यकारांचीही आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण व्याजाने ठेवल्याचा लेख आहे. कष्टकऱ्यांची नावे आणि त्यांच्या धंद्यांची पत कुठल्या पोथीने एवढ्या आदराने टिपून ठेवली आहे, ते आम्हांला दाखवावे. ही नावे जपली आहेत ती बोटाच्या पेराहूनही उथळ खाचांनी.

आपल्या वऱ्हाडाशी जुळलेले एक उदाहरण देतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर वराहदेवाचा शिलालेख आहे. हा वराहदेव वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. आईवडिलांच्या पुण्यासाठी त्याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले. लेखात वाकाटक राजांची वंशावळ आहे. पण तो उघड्यावर, पाऊसपाणी सोसत राहिल्याने त्याच्या ओळी झिजलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी काही राजांची नावे चुकीची वाचली. त्यांचा दोष नाही, अक्षरेच उरली नव्हती. पुढे १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला, त्यात सर्वसेन हे नाव स्वच्छ होते. मग डॉ. वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख नव्याने तपासला, तेव्हा त्या झिजलेल्या जागी हेच नाव आहे हे उमगले आणि वाकाटकांची वाशीमची स्वतंत्र शाखा इतिहासात आली. तांब्याचा पत्रा मिळाला म्हणून हे घडले. सामी सुतारासाठी कोणी ताम्रपट करून ठेवलेला नाही.

आता दगड खाणाऱ्यांकडे वळू. त्यांच्यापैकी एक तुमच्या घरी रोज येतो. पाण्याच्या टाकीवरून किंवा गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरणारे काळे ओघळ तुम्ही पाहिले असतील. आपण म्हणतो, धूळ बसली. ती पुष्कळदा धूळ नसते. ती नीलहरित शैवालाची वसाहत असते. उन्हाचा मारा चुकवण्यासाठी हे जीव अंगात काळसर रंगद्रव्य तयार करतात, म्हणून काळे दिसतात. उन्हाळाभर मेल्यासारखे पडून राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर जागे होतात. विद्यार्थ्यांनी घरच्या कठड्यावर थोडे पाणी शिंपडावे, काही वेळाने भिंग लावून पाहावे; काळ्यातून हिरवट झाक दिसू लागेल. या जिवांभोवती चिकट आवरण असते. पाणी मिळाले की ते फुगते, वाळले की आवळते. दगडाचे कण त्याला चिकटलेले असल्याने प्रत्येक आवळण्याबरोबर थोडी ओढ बसते. एका दिवसात काही होत नाही. पण लेण्यांनी पंधराशे ते दोन हजार पावसाळे पाहिले आहेत.

दुसरा तुमच्या मसाल्याच्या डब्यात आहे. आयाबहिणींना दगडफूल सांगायला नको. ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे: शैवालाने उन्हावर अन्न तयार करायचे, बुरशीने घर आणि पाणी सांभाळायचे. मसाल्यातली जात बहुधा झाडाच्या सालीवर वाढते, पण तिचे भाऊबंद नावाप्रमाणे दगडावरच राहतात. त्यांचे धागे दगडाच्या छिद्रांत शिरतात, आणि ऑक्झॅलिक आम्लासारखी आम्ले सोडून त्यातली खनिजे सैल करतात. पांढरे, राखी, नारिंगी असे त्यांचे गोल ठिपके पुष्कळ जुन्या देवळांवर आणि किल्ल्यांच्या तटांवर दिसतात. मात्र इथे एक सावधगिरीची सूचना. दगडफूल दिसले की खरवडून काढावे असे मुळीच नाही. त्याची मुळे दगडात गुंतलेली असतात. खरवडले की दगडाची कपची घेऊनच ते निघते. काही ठिकाणी त्याचे आच्छादन पावसाचा मार अडवते असेही अभ्यासकांना आढळले आहे. काढावे की ठेवावे याबद्दल जाणकारांतच मतभेद आहेत, तेव्हा तो निर्णय आपला नव्हे.

तिसऱ्या मंडळींची ओळख जुन्या लोकांना वेगळ्या नावाने आहे. पूर्वी गोठ्याच्या भिंतीवरून, जुन्या पडक्या वाड्यांतून सोरा खरवडून आणीत. बंदुकीच्या दारूसाठी तो लागे. सोरा आला कुठून? जनावरांच्या मुतातून सुटणाऱ्या अमोनियापासून नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू नायट्रस आम्ल बनवतात, नायट्रोबॅक्टर त्याचे नायट्रिक आम्लापर्यंत नेतात, आणि ते भिंतीतल्या क्षारांशी मिळून सोरा होतो. लेण्यांत गुरे नसली तरी वटवाघळे आणि पारवे आहेत. त्यांच्या विष्ठेच्या थराखाली हाच कारखाना चालू असतो. गंधकावर जगणारे थायोबॅसिलस गटातले जिवाणू तर थेट सल्फ्युरिक आम्ल तयार करतात. आम्ही बाटलीतून जे मूर्तीवर ओतले, तेच काम हे जीव थेंबाथेंबाने करतात.

एकदा या सर्वांनी मिळून बारीकशी माती तयार केली की तिच्यावर मॉस येते, मग गवत, आणि एखाद्या दिवशी पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते. पिंपळ म्हणजे आपला बोधिवृक्ष. त्याला आपण वंदन करतो. पण फटीत उगवलेला पिंपळ दोन पानांचा असतानाच काढायला हवा. त्याचे मूळ मनगटाएवढे झाले की मग त्याला काढता येत नाही आणि ठेवताही येत नाही.

या सगळ्यांना पाणी लागते. आपली लेणी ज्या काळ्या पाषाणात आहेत तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर साचलेला. थरांमध्ये भेगा, मधूनमधून लाल मातीचे पट्टे. डोंगरमाथ्यावरचे पाणी या वाटांनी झिरपत लेण्याच्या छतात उतरते. संगमरवरासारखा हा दगड आम्लाने फसफसत नाही, म्हणून तो अमर आहे असा आमचाही समज होता. पण त्यातले फेल्डस्पार हळूहळू चिकणमातीत बदलते. ती माती आपल्या काळ्या जमिनीसारखीच ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. आणि दगडाचे पोपडे सुटतात. पाण्याबरोबर क्षारही येतात. भातकुली-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तिथे भिंतीला लोणा लागतो, हातभर उंचीपर्यंत पांढरी भुकटी येते आणि तिच्यामागून गिलावा पिठासारखा झडतो. पाणी वर चढते, वाळते, मीठ मागे राहते, आणि मिठाचे स्फटिक छिद्रांत वाढताना भिंतीला आतून ढकलतात. लेण्यांच्या भिंतीतही असेच होते, फक्त गिलाव्याच्या जागी तिथे शिल्प असते.

आता हवेकडे येऊ. कोळसा आणि डिझेल जळले की सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे वायू निघतात, काजळी निघते. दवात, पावसात मिसळून त्या वायूंची आम्ले होतात. ती संगमरवरावर किंवा चुनखडीवर पडली की दगडाचा जिप्सम होतो. जिथे पावसाचे पाणी वाहते तिथून तो धुऊन जातो. जिथे आडोसा असतो तिथे काजळीला कवटाळून काळी खपली धरतो. ताजमहालासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला, तो याच कारणाने: १०,४०० चौरस किलोमीटरच्या संरक्षित टापूतल्या २९२ कारखान्यांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरावा, नाहीतर दुसरीकडे जावे. तरीही काम संपले नाही. २०१६ मध्ये ताजच्या यमुनेकडच्या भिंतीवर हिरवट डाग आले. नदीच्या सडलेल्या पाण्यात माजलेल्या चिलटांची ती विष्ठा होती. पाणी बिघडले आणि डाग दगडावर उमटले.

आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, प्रदूषण आणि सूक्ष्मजीव हे दोन वेगळे शत्रू नाहीत. कोऱ्या दगडावर सूक्ष्मजिवांना खायला फारसे काही नसते. काजळीतले तेलकट पदार्थ, गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे संयुग, शेतातल्या खताचा आणि शेणखताचा अमोनिया, गंधकाचे वायू, हे सगळे दगडावर बसले की जिवाणूंना आयतेच ताट वाढून ठेवल्यासारखे होते. आणि जिवाणूंच्या चिकट थराला पुढची काजळी जास्त चिकटते. एक दुसऱ्याला पोसतो. विदर्भात भद्रावतीच्या विजासन टेकडीतली बौद्ध लेणी कोळसा खाणींच्या मुलखात आहेत. तिथे गेलात तर भिंतीवरून बोट न फिरवता, पण नीट डोळे उघडून पाहा.

माणसाचा श्वासही यात धरावा लागतो. फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा १९४० साली सापडली. हजारो वर्षांपूर्वीची चित्रे जशीच्या तशी. १९४८ मध्ये ती लोकांना खुली झाली. लोकांचा लोंढा, त्यांचा श्वास, दिव्यांचा उजेड यांनी भिंतीवर हिरवे शैवाल चढले आणि १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. लोक आता तिची प्रतिकृती पाहतात. बंद करूनही २००१ मध्ये तिथे बुरशी आलीच. अजिंठ्याला आता खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्याजवळ, सुमारे ४ किलोमीटर अलीकडे थांबवतात आणि पुढे बसने जावे लागते. सहलीत यावर कुरकुर होते. आमच्या मते ती बस आहे म्हणून वाघोरेच्या त्या घळीत धूर कमी आहे.

अजिंठ्याचे दुखणे दुहेरी आहे, कारण चित्रे दगडावर नसून माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवलेल्या गिलाव्यावर आहेत. तो तूस किड्यांचे अन्न. वेरूळच्या गिलाव्यात मात्र भांगेच्या झाडाचे तंतू आढळले आणि किडे त्यापासून दूर राहिले असावेत, असे राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये मांडले. आमच्या मूर्तीसारखी चूक अजिंठ्यातही झाली होती, आणि तीही सद्हेतूने. निजाम सरकारने १९२० ते २२ या काळात सेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन कारागीर बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा मोठ्या कौशल्याने पुन्हा चिकटवला, पण चित्रांवर लाखेचा लेप दिला. तो पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ-काजळी बसली आणि चित्रे झाकोळली. भारतीय पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ तो लेप बोटाबोटाने काढत आले आहेत. काही दिवसांत लावलेला लेप काढायला पिढ्या लागतात.

म्हणून काय करू नये हे आधी सांगतो. लेण्यात मेणबत्ती, अगरबत्ती लावू नये. वंदना अवश्य घ्यावी, पण तिला काजळी लागत नाही. शिल्पाला हात लावू नये. हाताचा घाम आणि तेल हे जिवाणूंचे खाद्यच आहे. शिलालेखावर खडू, रंग, पाणी लावून अक्षरे 'उठवू' नयेत. खोडरबरासारखे घासून ठसे घेऊ नयेत. दगडावर आपले नाव कोरणाऱ्याला २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सामी सुताराने नाव कोरले ते दरवाजा करून. आपण काय केले म्हणून कोरतो?

आणि करायचे काय? आपण ज्या पेढी नदीकाठी बसलो आहोत तिथेच २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचे हत्यार होते खराटा. आम्ही जाणकारांकडून शिकलो ते हे की, दगडाच्या जतनाचे पहिले हत्यारही कोरडा, मऊ कुंचला आणि साचलेल्या पाण्याला करून दिलेली वाट हेच आहे. छतावरची पन्हळ मोकळी असेल तर निम्मे शेवाळ येतच नाही. रसायने त्यानंतर, आणि ती पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेने ठरवायची. १९१७ पासून हे काम करणारी ही शाखा आहे. सगळे सूक्ष्मजीव वैरी आहेत असेही नव्हे. इटलीत मिलानच्या प्रार्थनामंदिरावरची काळी जिप्समची खपली डेसल्फोव्हिब्रिओ नावाच्या जिवाणूंकडून खाववून काढली, आणि खालचा संगमरवर शाबूत राहिला. ज्यांनी बिघडवले त्यांच्याच भावकीकडून दुरुस्ती करून घेण्याचा हा प्रकार आम्हांला फार आवडला.

आमच्या त्या मूर्तीवर आता पत्रे नवे आहेत. वर्षातून दोनदा साध्या पाण्याने, सुती फडक्याने पुसतो, आणि लगेच कोरडी करतो. गालाची घोटाई परत येणार नाही. मूर्ती पुन्हा घोटून घ्यावी असे काहींचे म्हणणे आहे, पण घोटायचे म्हणजे अजून एक थर काढायचा, म्हणून आम्ही नकार दिला.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी. अकोल्याच्या पुढे पातूर गावालगतच्या टेकडीत कोरीव लेणी आहेत. अजिंठ्याचा डामडौल तिथे नाही, म्हणून फारसे कोणी जात नाही. यंदा पावसाळा सरल्यावर आणि पुन्हा उन्हाळ्यात, अशी दोनदा आपण तिथे जाणार आहोत. त्याच खांबांची, त्याच भिंतींची, त्याच जागी उभे राहून छायाचित्रे घ्यायची, तारीख लिहायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायची. पाणी कुठून झिरपते, काळे ओघळ किती खाली आले, पोपडे कुठे सुटले, याची वही ठेवायची. दहा वर्षांनी ती वही पुरातत्त्व खात्याला द्यायची आहे. येणाऱ्यांनी भिंग, वही आणि डबा आणावा. कापूर-अगरबत्ती घरी ठेवावी. डबा टेकडीखाली, झाडाखाली खाऊ, लेण्यात नाही.